खिशातील पिस्तूल आणि गावाचा पहारा

वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात संतवाङ्मय, शास्त्र, राजकारण असे विषय ऐकण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस आमचा विषय थोडा खटकेल. तळहातावर मावणारे लहान पिस्तूल माणसाच्या जिवाचे रक्षण करू शकते काय, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. हा प्रश्न आम्ही हौसेने घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कंत्राटी कामगारांचा संप चालू असता आम्हांस धमक्या येऊ लागल्या. प्रथम निरोप आले, मग रात्री दारासमोर मोटारसायकली थांबू लागल्या. तेव्हा एक हितचिंतक घरी येऊन म्हणाले, "अण्णा, परवान्याचा अर्ज टाका. एक लहानसे पिस्तूल खिशात असू द्या. वेळ काही सांगून येत नाही." आम्ही त्यांच्याकडे चार दिवसांची मुदत मागितली.

आमचे शिक्षण शाळेच्या पटावर फार काळ टिकले नाही. पुढे जे काही शिकलो ते गेटसभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे प्रश्न पडला की पुस्तकांकडे आणि जुन्या माणसांच्या आठवणींकडे वळावयाचे, हीच आमची रीत. त्या चार दिवसांची मुदत पुढे कित्येक महिने लांबली, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम या हत्याराची कुळकथा पाहू. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन बंदूककाराच्या आराखड्यांवरून बेल्जममधील लिएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथील कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी आपोआप भरणारी लहान पिस्तुले काढली. १९०० सालच्या पिस्तुलाची गोळी ७.६५ मिलिमीटरची होती. आपल्याकडे तिलाच 'पॉइंट ३२' म्हणतात. मग १९०६ च्या सुमारास त्याहून लहान, ६.३५ मिलिमीटरचे, अक्षरशः जाकिटाच्या खिशासाठी बनवलेले पिस्तूल निघाले. त्याचे वजन सुमारे ३७० ग्रॅम. पोटात सहा काडतुसे. युरोपातील व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी ते खिशात टाकले आणि आपण निर्धास्त झालो असे मानले.

आता या निर्धास्तपणाचे मोजमाप करू. एक किलो वजन एक मीटर उचलण्यास सुमारे दहा ज्यूल शक्ती लागते, हे शाळेत शिकलेले आपणांस आठवत असेल. ६.३५ च्या गोळीचे वजन जेमतेम तीन ग्रॅम, आणि नळीतून निघताना तिची शक्ती सुमारे ८५ ज्यूल. पॉइंट ३२ ची सुमारे १७५. जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असलेल्या पॉइंट ४५५ वेबली रिव्हॉल्व्हरची सुमारे ३००. आणि पॉइंट ३०३ रायफलीची सुमारे ३,००० ज्यूल. म्हणजे रायफलीच्या एका गोळीच्या शक्तीत खिशातल्या पिस्तुलाच्या पस्तीस गोळ्या बसतात.

परंतु केवळ आकड्यांवरून निकाल देणे बरोबर नव्हे. लहान गोळी माणसाचा जीव घेऊ शकते, याविषयी शंका नाही. १९०१ साली अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना पॉइंट ३२ च्या रिव्हॉल्व्हरने गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांत ते दगावले. पण केव्हा? गोळ्या लागल्या ६ सप्टेंबरला, प्राण गेला १४ सप्टेंबरला. आमच्या सर्व विवेचनाची मेख या आठ दिवसांत आहे. मारणे ही एक गोष्ट, आणि अंगावर येणाऱ्यास तेथल्या तेथे थांबवणे ही अगदी दुसरी गोष्ट. ज्याला खून करावयाचा आहे त्याचे काम आठ दिवसांनी झाले तरी झाले. ज्याला स्वतःचा जीव वाचवावयाचा आहे त्याला आठ दिवस मिळत नाहीत; आठ सेकंदही मिळत नाहीत.

गोळीने माणूस ताबडतोब कोसळतो तो मेंदू किंवा मज्जारज्जू दुखावला तरच. एरवी रक्तस्राव होऊन शक्ती जाईपर्यंत तो हालचाल करीत राहतो. प्रत्यक्ष हृदयाला गोळी लागली तरी मेंदूत शिल्लक राहिलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद हातपाय चालवू शकतो, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. हातात कोयता घेतलेला माणूस पंधरा सेकंदांत या मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येईल. फिलिपाइन्समध्ये लढताना अमेरिकन सैन्यास हाच अनुभव आला. पॉइंट ३८ च्या गोळ्या खाऊनही मोरो योद्धे अंगावर येत राहिले. म्हणून १९०४ साली त्यांनी मुद्दाम प्रयोग केले आणि पुढे १९११ साली पॉइंट ४५ चे मोठे पिस्तूल स्वीकारले. जे सैन्याला पॉइंट ३८ ने साधले नाही, ते खिशातल्या पॉइंट २५ ने गृहस्थास कसे साधावे?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा तो प्रसंग. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलाने त्यांना जवळून गोळ्या घातल्या आणि जॅक्सन मारले गेले. इंग्लंडहून गुप्तपणे आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक होते. या घटनेचा पूर्वार्ध सर्वांस ठाऊक आहे. आम्ही लक्ष वेधतो ते उत्तरार्धाकडे. कार्य झाल्यावर स्वतःचा शेवट करून घ्यावा असा कान्हेरे यांचा बेत होता. पण तेथल्या एका अधिकाऱ्याने हातातील काठीचा तडाखा दिला, भोवतालच्या माणसांनी झडप घातली, आणि हाती ब्राउनिंग असूनही त्या तरुणास ना निसटता आले, ना आपल्यावर गोळी झाडता आली. म्हणजे ज्या पिस्तुलाने कलेक्टर मारला, ते पिस्तूल ते धरणाऱ्या हाताचे मात्र रक्षण करू शकले नाही.

दुसरी घटना पुण्याची, पण तिचे मूळ सोलापुरात आहे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूरचे गिरणी कामगार उठले. सरकारने गोळीबार केला, मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिले. या जुलमाचा सूड म्हणून २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी हातभर अंतरावरून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. छातीवर आलेली गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली असे त्या वेळी सांगण्यात आले. गोगटे जागीच पकडले गेले, आणि पुढे महाराष्ट्र त्यांना 'हॉटसन गोगटे' या नावाने ओळखू लागला.

याचा जोडीदार प्रसंग अमेरिकेत १९१२ साली घडला होता. थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर झाडलेली गोळी त्यांच्या खिशातील घडी केलेले भाषण आणि चष्म्याचे घर यांतून जाताना मंदावली, आणि छातीत गोळी घेऊनच त्यांनी तासाभराहून अधिक वेळ भाषण केले. लांबलचक भाषणाचा असा उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस माहीत नाही. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. पूर्वतयारी, जवळचे अंतर आणि नेम धरण्यास मिळालेली सवड हे सारे हल्ला करणाऱ्याच्या बाजूला असते, आणि तरीही त्याचे पिस्तूल कधी कधी दगा देते. मग ज्याच्या बाजूला यांतील काहीच नाही, त्या बचाव करणाऱ्याने त्यावर किती भिस्त ठेवावी?

आता आमच्या घरच्या इतिहासाकडे. १९४२ साली सातारा आणि आजचा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग एकाच जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्या अखंड साताऱ्यात सप्टेंबर १९४२ मध्ये निःशस्त्र मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाले. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. इस्लामपूरला पंड्या आणि बारपटे पडले. पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करणारे इंजिनियर होते, ही गोष्ट आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांस विशेष जवळची वाटते.

या गोळीबारांनंतर चळवळ भूमिगत झाली आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. या मंडळींनी शस्त्रे वापरलीच नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यांनी शस्त्रे मिळवली, चालवली आणि शस्त्रांनी मेलेही. किसन अहिर १९४५ साली पोलिसांशी झुंजताना पडले. वाळव्याचा साखर कारखाना आज त्यांच्या नावाने उभा आहे. परंतु शस्त्रे मिळाली कशी, हे पाहण्यासारखे आहे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी उतारवयात सांगितलेली हकीकत ऐका. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक पुरुष आपल्या बायकोला मारझोड करतो आहे असे सोंग उभे केले गेले. ती 'बायको' म्हणजे हौसाताई. मार मात्र खराच खावा लागला, कारण सोंग खरे वाटणे भाग होते. त्याने दगड उचलला तेव्हा भांडण सोडवण्यास पोलीस बाहेर आले, आणि मागच्या मागे सोबत्यांनी ठाण्यातल्या बंदुका व काडतुसे उचलून नेली. एकही गोळी न झाडता बंदुका हाती आल्या!

७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रोकड नेणारी गाडी अडवली गेली, तिची हकीकत तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड सांगत. रुळांवर दगडांची रास, हातांत लाठ्या-कोयते, आणि जवळ दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गाडीतल्या पहारेकऱ्याकडे. ज्याच्याजवळ बंदूक होती तो गोंधळला, आणि ज्यांच्याजवळ नव्हती ते एकमेकांच्या भरवशावर उभे राहिले.

त्याच वर्षी २४ जुलैला सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले. पहारेकऱ्यांच्या बंदुका त्यांनी हिसकावून घेतल्या होत्या. तरी पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, वसंतदादांना गोळी लागून ते पकडले गेले. हाती बंदुका येऊनही बाहेरच्या गोळ्यांपुढे त्या पुरल्या नाहीत. याउलट नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले होते. त्यांच्या कमरेला कोणते हत्यार होते यावर त्यांचे जिवंत राहणे अवलंबून नव्हते. रात्री कोणत्या वस्तीवर भाकरी मिळेल, पोलिसांची गाडी वळली की कोणता गुराखी शीळ घालील, विहिरीवर पाणी भरणारी बाई परक्या माणसास काय उत्तर देईल, यांवर ते अवलंबून होते. असा पहारा विकत मिळत नाही आणि त्यास परवानाही लागत नाही. तो वर्षानुवर्षे गावाच्या उपयोगी पडून मिळवावा लागतो.

मात्र गाव म्हणजे नेहमी रक्षणच, असे समजण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बेरेटा पिस्तुलाच्या तीन गोळ्यांनी गांधीजींचा खून झाला. तेही खिशात मावणारेच पिस्तूल. त्यानंतर आमच्याच सातारा-सांगली भागात जमावांनी निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली. जो समाज एका रात्री पहारा देतो तोच दुसऱ्या रात्री पलिता घेऊन येतो, हा आमच्या इतिहासातला काळा डाग आहे आणि तो झाकून आम्हांस पुढे जाता येत नाही. पण त्या दिवसांतही, जेथे शेजारी उंबऱ्यावर येऊन उभे राहिले तेथे घरे वाचली, असे मागच्या पिढीतील माणसांनी आम्हांस सांगितले आहे. चिडलेल्या शेकडोंच्या जमावापुढे सहा काडतुसांचा हिशेब कोणीही करावा.

आता अलीकडच्या काळातील जखमांकडे वळणे भाग आहे. १६ जानेवारी १९९७ रोजी मुंबईत पवईला डॉ. दत्ता सामंत यांना त्यांच्या मोटारीत गोळ्या घातल्या गेल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता पुलावर मारले गेले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर घरापाशी गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे चार दिवसांनी गेले, उमाताई डोक्याला जखम होऊनही वाचल्या. दाभोलकर आणि पानसरे यांच्या खुनांत ७.६५ मिलिमीटरच्या, म्हणजे त्याच पॉइंट ३२ च्या, गावठी पिस्तुलांचा वापर झाल्याचे तपासात पुढे आले.

तेव्हा कोणी म्हणेल, 'पाहा, लहान पिस्तूल पुरेसे आहे!' होय, पुरेसे आहे, पण कोणास? जो दिवस ठरवतो, जागा ठरवतो, बेसावध माणूस गाठतो आणि मोटारसायकल तयार ठेवतो, त्यास. दाभोलकर साताऱ्याच्या मैदानावरचे गाजलेले कबड्डीपटू होते. चपळाईत ते कोणास हार जाणारे नव्हते. पण बेसावध क्षणी चपळाई काय करील आणि खिशातले पिस्तूल तरी काय करील? खिशात हात घालण्यास लागणारा काळच मारेकऱ्याने हिशेबात धरलेला असतो. एकच हत्यार, पण मारेकऱ्याच्या हाती ते पुरेसे आणि गृहस्थाच्या हाती अपुरे. हत्याराच्या मापापेक्षा हा फरक मोठा आहे.

येथे दुसऱ्या बाजूसही न्याय दिला पाहिजे. मळ्यातल्या एकाकी वस्तीवर राहणारे कुटुंब, रात्रपाळीहून एकटी परतणारी स्त्री, रोकड नेणारा माणूस यांची भीती खोटी नाही. नुसते हत्यार दाखवल्याने चोर पळाल्याची उदाहरणेही घडतात, आणि काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असणे बरे, हा युक्तिवाद टाकाऊ नाही. आपल्या कायद्यात लष्कर व पोलीस यांच्या मापाची काडतुसे सामान्य नागरिकास बंद आहेत. म्हणून परवाना मिळाला तरी हाती येते ते बहुधा पॉइंट ३२ किंवा पॉइंट २२. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत त्या वेळी सव्वा लाख रुपयांच्या आसपास! जिला रात्रपाळीहून एकटे यावे लागते, तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी ही किंमत होती. त्याच पैशांत कारखान्याने रात्रपाळीची गाडी आणि रस्त्यावर दिवे दिले तर किती जणींचे रक्षण होईल, हा हिशेब आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्यास सुचल्याशिवाय राहत नाही. शिवाय ज्याच्या घरी पिस्तूल आहे त्याने ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलुपात ठेवले पाहिजे, आणि कुलुपात ठेवले की ऐन वेळी ते हाताशी नाही. सराव नसलेल्या हातात लहान नळीचा नेम घाबरल्या क्षणी चार पावलांवरही चुकतो.

आमचा निष्कर्ष असा. लहान पिस्तूल जीव घेण्यास पुरते, जीव वाचवण्यास क्वचितच पुरते. आणि ज्याच्या खिशात ते असते तो माणूस इतर पहारे सैल सोडतो, हा त्याचा सर्वांत मोठा धोका. ते जवळ आहे म्हणून मनुष्य अंधाऱ्या रस्त्याने एकटा जातो, सोबत घेत नाही, पोलिसांत तक्रार नोंदवत नाही, शेजाऱ्यास सांगत नाही. म्हणजे जे खरोखर उपयोगी पडणार ते तो सोडून देतो.

त्या संपाच्या दिवसांत आम्ही शेवटी परवान्याचा अर्ज केला नाही. पोलिसांत लेखी तक्रार केली, आलेल्या धमक्या गेटसभेत उघड वाचून दाखवल्या, आणि मोटारसायकलींचे नंबर फलकावर लिहिले. मग कामगारांनी आम्हांस न विचारता पाळ्या लावल्या. दर रात्री दोघे जण घरापर्यंत सोबत येत. कोणी डबा घेऊन, कोणी नुसताच तंबाखू मळत. मोटारसायकली तीन-चार दिवस दिसल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. प्रत्येक वेळी असेच होते असे आम्ही म्हणणार नाही, डॉ. सामंतांच्या पाठीशी लाखो कामगार होते आणि तरी ते गेले. पण त्या रात्री आम्हांस शांत झोप लागत असे, आणि आमच्या घरातल्या माणसांसही. हितचिंतकांस दिलेली मुदत त्या दिवशी संपली. संप मिटल्यावर ते पुन्हा भेटले, तेव्हा आम्ही त्यांस एवढेच विचारले की पुढच्या खेपेस एका रात्रीची पाळी आपण घ्याल काय? ते हसले, आणि मंगळवार आपल्या नावावर लिहावा असे त्यांनी सांगितले.